दुपारची पुडी

“म्हणजे ज्यानं जीव जायची वेळ आली तेच पुन्हा मुद्दाम तोंडात घालायचं? तेही खाटेवर आरामात बसून, डॉक्टरांच्या देखत?” ताईंचा नवरा म्हणाला आणि त्यानं पाण्याचा पेला टेबलावर जरा जोरातच ठेवला.

भांडण सकाळपासून चाललं होतं. मध्ये आंघोळी आणि नाश्ता यांच्यापुरतं थांबलं, आणि बशा उचलल्यावर पुन्हा जिथल्या तिथून सुरू झालं. सुट्टीचा दिवस होता, कुणालाच कुठे जायची घाई नव्हती, आणि हीच खरी अडचण होती. एरवी या घरातली भांडणं कुणाच्या तरी बसची वेळ झाली म्हणून सुटत.

लेक आईच्या बाजूनं लढत होती. ती वडलांना समजावत होती की असं एकदम गोळी देत नाहीत. आधी कातडीवर थेंब टाकून बघतात, सुई टोचून बघतात, मग वाटलंच तर अगदी कणभर देतात, आणि शेजारी इंजेक्शन तयार ठेवून डॉक्टर उभे असतात. वडलांचं म्हणणं, इंजेक्शन तयार ठेवून उभं राहावं लागतं यातच सगळं आलं. ज्या रस्त्यावर आधीपासून ॲम्ब्युलन्स उभी करून ठेवतात, त्या रस्त्यानं शहाण्या माणसानं जावंच कशाला?

ताई स्वतः गप्प होत्या, कारण त्यांचा डावा गाल पुन्हा सुजायला लागला होता आणि बोललं की दाढ ठणकत होती. सगळ्या वादाचं मूळ ती दाढ. इस्पितळातून आल्यावर मधले काही आठवडे ती शहाण्यासारखी गप्प बसली होती, आता पुन्हा उठली होती. ती काढायलाच हवी होती. पण दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हात वर केले होते. कोणत्या औषधाची तुम्हाला रिॲक्शन आली ते कळल्याशिवाय मी ना गोळी लिहून देणार, ना दाढेला हात लावणार, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. मोठ्या इस्पितळात त्याची तपासणी होते, तिथली गुरुवारची वेळ मिळाली होती. जायचं की नाही, एवढाच प्रश्न. नाही गेलं तर दाढ तोंडात, पू दाढेत, आणि पुढे आयुष्यभर साधा ताप आला तरी कोणती गोळी घ्यावी हा घोर.

आणि माई, म्हणजे ताईंच्या सासूबाई, टेबलाच्या टोकाला मटार सोलत बसल्या होत्या. या घरात एखाद्या विषयावर माईंनी मत दिलं नाही असं सहसा होत नसे. आज मात्र त्या शेंगेमागून शेंग फोडत होत्या, आणि मधूनच, कुणाकडेही न बघता, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या की ठणका बसतो, एवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

ताई बसस्टँडवर कामाला आहेत. वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथे, काचेची एक खोली आहे. तिथे माइकसमोर बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, कुणाची छत्री चौकशीच्या खिडकीवर जमा आहे, हे सांगायचं. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं, आता लेक कॉलेजात आहे. एवढ्या वर्षांत स्टँडवरच्या लोकांना त्यांचा चेहरा फारसा माहीत झाला नाही, आवाज मात्र पाठ झाला. ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना ‘भोंगाताई’ म्हणतात. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि ताई त्या हाकेला ओ देऊ लागल्यावर त्यातली गंमत संपून ते नावच झालं. नवरा तर सांगतो, हिनं जेवायला हाक मारली की खालच्या मजल्यावरचेसुद्धा हात धुऊन येतात.

खरं म्हणजे आवाज मोठा नाही, स्वच्छ आहे. शब्दाचं शेपूट त्या खात नाहीत. आधी गावाचं नाव, मग क्षणभर थांबायचं, मग फलाटाचा आकडा, आणि आकडा दोनदा, ही त्यांची स्वतःची पद्धत. म्हातारी माणसं आकड्यापाशीच चुकतात, म्हणून. कंट्रोलरसाहेबांना ही पद्धत बिलकुल पसंत नव्हती. कंट्रोलरसाहेब म्हणजे खाली फलाटांच्या मधोमध खिडकीत बसून गाड्या सोडणारे गृहस्थ. निवृत्तीला आलेले, गुडघ्यानं अधू आणि तक्रारीत तरबेज. त्यांचं म्हणणं, बाईंचं सांगून होईपर्यंत गाडी पुढच्या गावी पोचलेली असते. रोज एकदा तरी इंटरकॉमवर ते म्हणत, बाई, जरा पाय उचला. ताई म्हणत, साहेब, मी बसून असते. दुसरा त्यांचा राग माइकवर खाण्याचा. ताईंच्या आधीच्या कुणीतरी शेंगदाणे चघळत गाड्या सांगितल्या होत्या आणि सगळा स्टँड हसला होता. तेव्हापासून कंट्रोलरसाहेब त्या भोंग्याला कान लावून असत.

माईंची तऱ्हा वेगळी. त्या एका मोठ्या वसतिगृहाच्या कोठीवर होत्या. शेकडो मुलांचं धान्य, तेल, साबण त्यांच्या किल्लीखाली. माई कोठीतून निवृत्त झाल्या, पण कोठी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. नवा माल मागे, जुना माल पुढे, आणि पुढचा संपल्याशिवाय मागच्याला हात लावायचा नाही, हा तिथला कायदा त्यांनी घरी आणला. आमच्याकडे कधी साबणाला भेगा पडत नाहीत की पिठाला जाळी धरत नाही, हे त्या पाहुण्यांना सांगत, आणि ते खरंही होतं.

औषधांनाही तोच कायदा. कुणाला बरं वाटलं की गोळ्या उरत. माई त्या पाकिटांतून मोकळ्या करून बरणीत भरत, चकचकीत कागदाचा कचरा त्यांना घरात खपत नसे. मग कुणी आजारी पडलं की त्या डोसाच्या पुड्या बांधून देत: सकाळची, दुपारची, रात्रीची. कागदाच्या त्या घड्या इतक्या नेटक्या की उघडताना वाईट वाटावं. घरातल्या सगळ्यांनी त्या पुड्या वर्षानुवर्षं डोळे मिटून घेतल्या. सकाळच्या घाईत आपली औषधंसुद्धा आपल्याला लक्षात ठेवावी लागू नयेत, एवढं सुख किती सुनांच्या वाट्याला येतं?

दाढ पहिल्यांदा दुखली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक जंतूंवरची आणि एक दुखण्यावरची गोळी लिहून दिली. नवऱ्यानं दुकानातून आणून ती माईंच्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर पहिली पुडी होती, वर पेन्सिलीनं ‘दुपार’ लिहिलेलं. जेवून ताईंनी ती उघडायला घेतली आणि तेवढ्यात गाडी लागल्याची घंटी वाजली. पुडी तळहातावर, तळहात तोंडावर, वरून पाणी, आणि माइक. आत काय होतं ते त्यांनी पाहिलंच नाही.

आधी तळहात खाजले. मग डोकं. सकाळीच खोलीच्या काचा पुसल्या होत्या, त्या वासाचं असेल असं त्यांना वाटलं. मग कान तापले आणि ओठ दुसऱ्याचेच कुणाचे तरी असल्यासारखे जड झाले. पुढची गाडी सांगताना गावाचं नाव कसंबसं आलं, आकडा जिभेत अडकला. घशात कुणी कापूस कोंबावा तसं झालं. पाणी प्यायला गेल्या तर पाणी उतरेना. उठून दाराशी जावं असं मनात आलं, पण तोवर आणखी एक गाडी लागली होती, आणि लागलेली गाडी सांगायची ही इतक्या वर्षांची सवय. त्या पुन्हा माइकवर वाकल्या.

खाली कंट्रोलरसाहेबांनी ते ऐकलं आणि हातातलं पेन ठेवलं. बाई खाताहेत. भर माइकवर, तोंडात घास धरून. इंटरकॉमवर विचारलं असतं तर घास गिळून नाही म्हणाल्या असत्या, म्हणून रंगेहाथ पकडायला ते स्वतः निघाले. कित्येक महिन्यांत ते जिना चढले नव्हते. कठड्याला धरून, एकेका पायरीला गुडघ्याच्या नावानं खडे फोडत आणि काय काय बोलायचं याची मनात जुळणी करत ते वर पोचले. दार ढकलून बघतात तर बाईंचा चेहरा ओळखू येईना. डोळ्यांच्या नुसत्या फटी, ओठ उलटलेले, गळ्यावर लाल चट्टे, आणि श्वास शीळ घातल्यासारखा. जुळवून आणलेलं सगळं भाषण त्यांच्या तोंडातच राहिलं.

पुढचं ताईंना तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. कंट्रोलरसाहेबांनी माइक ओढून घेतला आणि इस्पितळाच्या रस्त्यानं जाणारी गाडी अडवून ठेवा, दोघंजण वर या, असं सांगितलं. इतक्या भरभर सांगितलं की खाली कुणालाच काही कळलं नाही. मग तेच त्यांना पुन्हा, सावकाश, फलाटाचा आकडा दोनदा उच्चारून सांगावं लागलं. दोन ड्रायव्हर धावत आले, त्यांनी हातांची खुर्ची करून ताईंना जिन्यावरून उतरवलं. गाडी उतारूंनी भरलेली होती. ड्रायव्हरनं मागे वळून सांगितलं की ही गाडी आता मध्ये कुठेही थांबणार नाही, ज्याला उतरायचं त्यानं आत्ताच उतरावं. कुणी उतरलं नाही. एका बाईनं खिडकीची जागा मोकळी केली, ताईंना नीट टेकवून बसवलं, काच पूर्ण उघडली आणि वाटभर त्यांचा हात सोडला नाही. एका गृहस्थाचा थांबा वाटेत होता. त्यानं तो मागे पडताना खिडकीतून नुसता पाहिला, आणि नंतर इस्पितळाच्या फाटकापासून तेवढं अंतर चालत परत गेला, असं कंडक्टरनं मागाहून सांगितलं. ताईंना त्या माणसाचं तोंडही माहीत नाही. त्यांना सगळ्यांत जास्त आठवण त्याचीच येते.

इस्पितळात डॉक्टरांनी काही विचारत न बसता आधी मांडीत सुई दिली आणि नाकातोंडावर प्राणवायूची नळी लावली. हळूहळू श्वासाला वाट सापडली. हवा आत जाते आणि बाहेर येते, एवढंच पुष्कळ आहे, असं त्या खाटेवर पडल्या-पडल्या ताईंना वाटलं, आणि ते वाटणं नंतरही गेलं नाही. आजही सकाळी उठल्यावर त्या एक मोठा श्वास घेऊन बघतात, आणि मगच खाली पाय टाकतात.

मग डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं? ताई म्हणाल्या, दुपारची पुडी. डॉक्टरांचं एवढ्यावर समाधान होईना. नवऱ्यानं घरी फोन लावला. माई म्हणाल्या, दातांच्या डॉक्टरांनी दिलेल्याच गोळ्या. तसंच लिहून घेतलं गेलं. असा झटका ओसरला असं वाटून पुन्हा उलटू शकतो, म्हणून ताईंना देखरेखीखाली ठेवून घेतलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की काही आठवड्यांनी तपासणी करून घ्या, तोवर यातलं काही घेऊ नका, आणि पुडीत नेमकं काय होतं ते पक्कं विचारून या.

ताई कामावर परत गेल्या त्या दिवशी बसल्या-बसल्याच इंटरकॉम वाजला. आलात का, मग जरा पाय उचला, असं म्हणून कंट्रोलरसाहेबांनी फोन ठेवूनही दिला. माझ्या घशात अन्न नाही, मरण आहे हे ज्या माणसाला तक्रार करता-करता कळलं, त्याचे आभार कसे मानायचे ते ताईंना सुचेना. म्हणून त्यांनी पहिली गाडी त्यांना आवडेल तशी झपाझप सांगून टाकली. इंटरकॉम लगेच पुन्हा वाजला.

“आकडा दोनदा सांगा,” कंट्रोलरसाहेब म्हणाले. “लोकांना सवय आहे.”

घरी मात्र एक गोष्ट झाली, ती ताईंनी कुणाला सांगितली नाही. औषधांच्या कपाटात त्या कापूस शोधत होत्या. बरण्या पुढे ओढल्या तर त्यांच्या मागे दातांच्या गोळ्यांची पाकिटं दिसली. जशीच्या तशी, एकही गोळी न काढलेली. नवा माल मागे. ताई तशाच उभ्या राहिल्या. पुढच्या बरणीत रंगीबेरंगी सुट्या गोळ्या होत्या, घरात आजवर बरं झालेल्या प्रत्येकाच्या वाट्याच्या उरलेल्या. त्यातली कोणती आपल्या पोटात गेली हे माईंवाचून कुणी सांगू शकणार नव्हतं, आणि माई तर फोनवर वेगळंच बोलल्या होत्या. ताईंनी बरण्या परत जागेवर सरकवल्या.

त्या बोलल्या असत्या. पण ताई इस्पितळातून आल्यापासून माईंनी पुड्या बांधणं सोडलं होतं. कुणाची गोळी असली तरी पाकिटासकट त्याच्यापुढे ठेवून त्या तिथून निघून जात. दुपारी ताईंचा डोळा लागला की माई दारात येऊन उभ्या राहत, सुनेची छाती वर-खाली होते का ते बघत, आणि पाऊल न वाजवता परत जात. लेक लहान असताना ताईंची पहाटेची पाळी असे, तेव्हा या बाईनं अंधारात उठून डबा भरून दिला होता. माइकवर बोलणारी सून म्हणून नातेवाइकांत कुणी नाक मुरडलं, तर ते नाक माईंनीच सरळ केलं होतं. अशा बाईला जाब विचारायला ताईंची जीभ वळेना, आणि आता ती सुजलेलीही नव्हती.

पण दाढेला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तिकडे टेबलापाशी नवऱ्यानं तोडगा काढला होता की ताईंनी यापुढे कसलंच औषध घ्यायचं नाही. लेक म्हणाली, मग दाढेला दोरा बांधून दुसरं टोक दाराला बांधू या का, दार आपटायला बाबा आहेतच. नवरा तिच्यावर डाफरला. मग तो ताईंकडे वळला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला.

“तुझ्या तोंडावर ती नळी लावली तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो,” तो म्हणाला. “मला पुन्हा तिथे उभं राहता येणार नाही.”

लेक म्हणाली की तपासणी करा नाहीतर नका करू, पण पुडीत काय होतं ते तरी डॉक्टरांना नीट कळायला हवं, आणि ते आजीलाच विचारायला हवं.

माईंच्या हातातली शेंग अर्धी उघडून राहिली.

“जुन्या होत्या,” त्या म्हणाल्या.

मग त्या भराभरा बोलत सुटल्या, जणू थांबल्या असत्या तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मुलाला गळू झालं होतं तेव्हाची कॅप्सूल होती, पिवळी आणि तांबडी. तेव्हाही पूच होता, आताही पूच. मग पुढच्या पडून असताना नव्या कशाला फोडायच्या? दुखण्याची गोळी त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याची होती. फोन आला तेव्हा भीतीनं तोंडाला आलं ते बोलून गेल्या, आणि एकदा बोलल्यावर ते मागे घ्यायला जागाच सापडेना.

“तपासणीत ती गोळी निघाली की माझंच नाव निघणार,” माई म्हणाल्या. “म्हणून गुळण्या सांगत बसले. हिची दाढ सडली तरी चालेल, असं झालं माझं.”

नवरा खुर्ची मागे सारून उठला. त्याच्या तोंडून काही निघण्याआधी ताईंनी हात वर केला, आणि का कोण जाणे, तो बसला. ताईंनी सांगितलं की पाकिटं त्यांना केव्हाच सापडली होती.

माई त्यांच्याकडे वळल्या. “मग बोलली का नाहीस?”

“पुडी मीही उघडून बघितली नाही,” ताई म्हणाल्या. “इतक्या वर्षांत एकदाही नाही.”

माईंनी पदर तोंडाला लावला. लेकीनं आजीपुढचं मटारचं भांडं उचलून आपल्याकडे घेतलं आणि उरलेल्या शेंगा सोलायला लागली. ताईंनी गालावर हात दाबून धरला, ठणका जरा ओसरू दिला.

“गुरुवारी मी तपासणीला जाणार आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्याबरोबर माई येतील. काय घातलं होतं ते डॉक्टरांना त्या सांगतील. तुम्ही दोघं आपापल्या कामाला जा.”